वायूच्या छत्राखालील जोडकाम
(मिग वेल्डिंगची ओळख)

हैदराबाद हे नाव उच्चारताच चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला, मोती आणि लाखेच्या बांगड्या यांची आठवण होते. परंतु या शहराची आणखीही एक ओळख आहे, आणि ती लोखंडकामाची आहे. लालागुडा येथील रेल्वेचा कारखाना १८९३ साली सुरू झाला. १९४२ साली आल्विन आणि १९४३ साली प्रागा टूल्स हे कारखाने निघाले. आल्विनने बसगाड्यांचे सांगाडे, पोलादी कपाटे आणि शीतकपाटे बनविली. तो कारखाना आज राहिलेला नाही, पण त्याची कपाटे कित्येक घरांत अजून उभी आहेत. १९६० नंतरच्या दशकात रामचंद्रपुरम येथे वीजनिर्मितीची अवजड यंत्रे बनविणारा भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला. आणि सनतनगर, बालानगर, जीडिमेटला या भागांत लहानमोठ्या कारखान्यांची गर्दी झाली.

या साऱ्या ठिकाणी बनणाऱ्या वस्तू भिन्न असल्या, तरी एक काम सर्वत्र करावेच लागते. ते म्हणजे धातूचा एक तुकडा दुसऱ्याशी जोडणे. हे काम आज ज्या रीतींनी होते, त्यांपैकी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी रीत म्हणजे मिग वेल्डिंग. कारखान्यातील कामगार तिला ‘सीओटू वेल्डिंग’ असेही म्हणतात. ती शिकण्यास सोपी आहे, अशी तिची ख्याती आहे. आणि ती खोटी नाही. तथापि या सोपेपणातच एक धोका दडलेला आहे. नवशिक्याने ही विद्या समजून घ्यावयाची, ती या दोन्ही बाजूंनी.

चिकटविणे आणि एकजीव करणे

धातू जोडण्याच्या रीती पुष्कळ आहेत. रिव्हेट ठोकून किंवा नटबोल्ट आवळून दोन तुकडे एकत्र धरता येतात. पण ते निराळेच राहतात. सोनार दागिन्याला डाक देतो, तेव्हा लवकर वितळणारा तिसराच धातू दोन तुकड्यांच्या मध्ये शिरतो आणि त्यांना घट्ट धरून ठेवतो. तेथेही मूळचे तुकडे वितळत नाहीत. वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि निवाल्यावर त्यांचा एकच तुकडा होतो. थोडक्यात, डाक म्हणजे चिकटविणे, आणि वेल्डिंग म्हणजे एकजीव करणे. हा भेद वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

पोलाद वितळविण्यास सुमारे १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. विजेच्या ज्योतीचे, म्हणजे आर्कचे, तापमान याहून कितीतरी अधिक असते. म्हणून उष्णता मिळविणे आज अवघड राहिलेले नाही. खरी अडचण आहे ती हवेची. जी हवा आपल्याला जीवन देते, तीच वितळलेल्या लोखंडाची वैरीण होय. हवेतील ऑक्सिजन तप्त लोखंडाशी संयोग पावून त्याचे ऑक्साइड बनवितो. नायट्रोजन त्यात शिरून त्याला ठिसूळ करतो. आणि धातू थिजताना आत अडकलेल्या वायूंची भोके राहून सांधा जाळीदार होतो.

आपल्या कारागिरांना हे रसायन पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण अनुभवाने पुरते ठाऊक होते. लोहार दोन लाल-पांढऱ्या झालेल्या सळया घणाने एकत्र सांधण्यापूर्वी त्यांवर वाळू टाकतो. सोनार डाक देताना टाकणखार लावतो. दोघांचाही हेतू एकच. तप्त धातूवरील ऑक्साइड विरघळावे आणि हवा दूर राहावी. विजेच्या वेल्डिंगमध्ये जो रॉड वापरतात, त्याच्यावरील लेपाचे कार्यही हेच असते. लेप जळून वायू होतो, उरलेली मळी सांध्यावर पसरते, आणि निवाल्यावर ती ठोकून काढावी लागते. मिगमध्ये वाळू नाही, टाकणखार नाही आणि लेपही नाही. तेथे टाकीतून आलेल्या वायूचे अदृश्य छत्र सांध्यावर धरलेले असते.

या रीतीचा जन्म

विजेच्या आर्कने धातू जोडण्याचे एकाधिकारपत्र बेनार्डोस आणि ओल्शेव्स्की या दोघांना १८८५ साली मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या शेलबर्ग याने लेप दिलेला रॉड प्रचारात आणला. परंतु अॅल्युमिनियमसारख्या धातूची जाड पाने वेगाने जोडण्यास हा रॉड पुरा पडेना. अखेर १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत एक नवी रीत सिद्ध झाली. रॉडच्या जागी सतत पुढे सरकणारी बारीक तार, आणि लेपाच्या जागी निष्क्रिय वायू, अशी ही योजना होती. ‘मेटल इनर्ट गॅस’ या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच ‘मिग’ हे नाव पडले.

आरंभी एकच अडचण होती. आर्गॉन आणि हीलियम हे निष्क्रिय वायू महाग. साध्या लोखंडाच्या कामास ते परवडेनात. १९५३ साली सोव्हिएत रशियातील ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव्ह यांनी कार्बन डाय-ऑक्साइडचा उपयोग करून दाखविला, आणि ही रीत साध्या लोखंडाच्या कामात झपाट्याने पसरली. वास्तविक हा वायू निष्क्रिय नव्हे. आर्कच्या उष्णतेत त्याचे विघटन होते आणि थोडा ऑक्सिजन मोकळा होतो. यावर उपाय म्हणून तारेतच सिलिकॉन आणि मँगनीज ही मूलद्रव्ये मिसळलेली असतात. ती ऑक्सिजनला स्वतःकडे ओढून घेतात, आणि लोखंड वाचते. निवालेल्या शिवणीवर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात, ते या झटापटीचे अवशेष होत. कार्बन डाय-ऑक्साइड वापरून केलेल्या वेल्डिंगला शास्त्रीय भाषेत ‘मॅग’ म्हणतात. पण व्यवहारात सर्वांना मिग हेच नाव रूढ आहे.

यंत्राची रचना

यंत्राचे मुख्य भाग पाच. पहिला भाग विद्युत्पुरवठ्याचा. तो घरातील उच्च दाबाच्या उलटसुलट प्रवाहापासून कमी दाबाचा एकदिश प्रवाह तयार करतो. दुसरा भाग तार सरकविणारा. यात तारेचे रीळ आणि तिला दोन बाजूंनी दाबून पुढे ढकलणाऱ्या चाकांची जोडी असते. तिसरा भाग टॉर्च, म्हणजे हातात धरावयाची बंदूक. तिच्या टोकाशी तांब्याची लहान टिप असते, तिच्यातून तार बाहेर येते आणि तेथेच तिला वीज मिळते. टिपेभोवती जे नळकांडे असते, त्यातून वायू वाहतो. चौथा भाग वायूची टाकी, तिच्यावरील दाबनियंत्रक व प्रवाहमापक. कार्बन डाय-ऑक्साइड टाकीत द्रवरूपाने असतो, आणि वायुरूप होताना तो इतका थंडावतो की नियंत्रक गोठून बंद पडतो. म्हणून त्याच्या जोडीला एक लहानसा विजेचा हीटर लावतात. पाचवा भाग म्हणजे अर्थिंगचा चिमटा. तो कामाच्या लोखंडाला घट्ट बसला नाही, तर बाकीचे चारही भाग व्यर्थ होत. साध्या भरीव तारेसाठी टॉर्च धन ध्रुवाला आणि चिमटा ऋण ध्रुवाला जोडतात.

टॉर्चचा घोडा दाबला की वायू, वीज आणि तार ही तिन्ही एकदम सुरू होतात. पातळ कामात पुढे जे घडते, ते मोठे मनोरंजक आहे. तारेचे टोक लोखंडाला टेकते. प्रवाह एकाएकी वाढतो. टोक वितळून गळून पडते. क्षणभर ज्योत पेटते. तोच मागून आलेली तार पुन्हा टेकते. एका सेकंदात हे चक्र २० पासून २०० वेळांपर्यंत फिरते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कानांना कळते. यंत्र नीट जुळले असेल, तर कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. तड्तड् करीत तुटक आवाज येऊ लागला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

दोन कळा

यंत्रावर मुख्यतः दोन कळा असतात, एक तारेच्या वेगाची व दुसरी व्होल्टची. नवशिक्याला वाटते की तारेचा वेग वाढविला म्हणजे केवळ तार जास्त येईल. तसे नाही. या यंत्रात तारेच्या वेगाबरोबर प्रवाह, म्हणजे अँपिअर, वाढतो. आणि लोखंडात किती खोल वितळण होईल हे बव्हंशी त्यावर ठरते. व्होल्टने ज्योतीची लांबी ठरते, आणि त्यामुळे शिवण उंच व अरुंद होते की पसरट, हे ठरते. ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडास ०.८ मिलिमीटर तार आणि आर्गॉन–कार्बन डाय-ऑक्साइडचे मिश्रण वापरले, तर सुमारे १२० अँपिअर आणि १८ ते १९ व्होल्ट येथून आरंभ करावा. केवळ कार्बन डाय-ऑक्साइड असेल, तर एक-दोन व्होल्ट अधिक लागतात. वायूचा प्रवाह मिनिटास १० ते १५ लिटर पुरे. तो फाजील वाढविल्यास भोवरे उठून बाहेरची हवाच आत ओढली जाते.

या यंत्राचा एक गुण असा की, हात किंचित वर उचलला गेला तरी ते सांभाळून घेते. ज्योत लांबली की प्रवाह उतरतो, तार सावकाश वितळू लागते, आणि मागून येणारी तार ज्योतीला पुन्हा मूळ लांबीवर आणते. हात खाली गेला की याच्या उलट घडते. रॉडने वेल्डिंग करणाऱ्यास हे अंतर स्वतःच्या हाताने राखावे लागते. त्यासाठी महिनोन्महिने सराव लागतो. मिग सोपे का, याचे कारण हेच.

पहिला पाठ

हा सराव शिक्षकांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच करावयाचा, हे प्रथम सांगितले पाहिजे. आरंभी लोखंडाच्या पट्टीवरील गंज, रंग आणि तेल ग्राइंडरने व कापडाने काढून धातू चकचकीत करावा. मग दोन पट्ट्या नीट जुळवून दोन्ही टोकांना लहान टाके मारावेत. शिंपी कापड शिवण्यापूर्वी कच्चे टाके घालतो, त्यासारखेच हे होय. नाहीतर उष्णतेने पट्ट्या वाकून सांधा उघडतो. टिपेच्या बाहेर १० ते १२ मिलिमीटर तार राहील, अशा अंतरावर टॉर्च धरावी. ती उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश कललेली असावी. एका हाताने टॉर्च धरून दुसरा हात तिला आधार म्हणून द्यावा, आणि कोपर टेकता आले तर उत्तमच.

चालताना नजर झगझगीत ज्योतीवर न ठेवता तिच्याखाली तयार होणाऱ्या वितळलेल्या धातूच्या लहानशा डबक्यावर ठेवावी. ज्योत त्या डबक्याच्या पुढच्या काठावर राहिली पाहिजे. डबके दोन्ही कडांना सारखे भिडत आहे ना, हे पाहत एकसारख्या गतीने जावे. टोकाशी पोहोचल्यावर क्षणभर थांबावे, म्हणजे शेवटी खळगा राहत नाही.

दोष आणि त्यांची कारणे

शिवणीवर भोके दिसली, तर वायूचे छत्र कोठेतरी फाटले असे समजावे. टाकी रिकामी झाली आहे का, नळकांडे उडालेल्या शिंतोड्यांनी बुजले आहे का, जवळ पंखा चालू आहे का, लोखंडावर तेल राहिले आहे का, हे क्रमाने पाहावे. शिवणीच्या कडेला चर पडला, तर व्होल्ट फार किंवा गती फार. पत्र्याला आरपार भोक पडले, तर प्रवाह जास्त किंवा गती कमी. तार अडखळत येत असेल, तर झिजलेली टिप आणि सैल चाके तपासावीत. हे सर्व दोष उघड्या डोळ्यांना दिसतात. म्हणून ते तितकेसे भयंकर नव्हेत.

खरा भयंकर दोष दिसत नाही. रॉडच्या वेल्डिंगमध्ये प्रवाह कमी पडला, तर रॉड चिकटतो, ज्योत विझते, आणि चूक तत्काळ कळते. मिगमध्ये तसे होत नाही. खालचे लोखंड वितळो अथवा न वितळो, घोडा दाबलेला आहे तोवर तार येतच राहते, वितळतच राहते, आणि थंड लोखंडावर सुबक वळ्यांची शिवण रचीत जाते. ती शिवण दिसण्यात निर्दोष असते. पण तिच्या खाली कडा तशाच कोरड्या राहिलेल्या असतात. हे वेल्डिंग नव्हे. डाक देण्याइतकेसुद्धा ते घट्ट नसते. जाड लोखंडावर कमी प्रवाह वापरल्याने, गंजावरून वेल्डिंग केल्याने, उभा सांधा वरून खाली ओढल्याने, किंवा फार सावकाश चालून डबके ज्योतीच्या पुढे धावू दिल्याने हा दोष उत्पन्न होतो. कारण अशा वेळी ज्योतीची उष्णता कडांपर्यंत पोहोचतच नाही. जाड कामात कडा तिरप्या घासून घेणे आणि प्रवाह वाढविणे, हाच उपाय.

हा दोष ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे, आणि प्रत्येक नवशिक्याने ती पहिल्याच आठवड्यात द्यावी. एका पट्टीवर दुसरी पट्टी काटकोनात उभी करून फक्त एका बाजूने शिवण घालावी. निवाल्यावर खालची पट्टी व्हाइसमध्ये पक्की आवळून उभी पट्टी शिवणीच्या दिशेने हातोड्याने वाकवावी, म्हणजे सांधा मुळापासून उघडू लागतो. सांधा खरा असेल, तर पट्टी वाकते, पण शिवण सहजी सुटत नाही. आणि तुटलीच, तर तुटलेला भाग खडबडीत, ओढून फाटल्यासारखा दिसतो. सांधा खोटा असेल, तर शिवण सालीसारखी निघून येते, आणि तिच्याखाली ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा शाबूत दिसतात! ज्याने त्या रेघा एकदा पाहिल्या, तो केवळ वरच्या सौंदर्यावर पुन्हा विश्वास ठेवीत नाही.

सांध्याची बाब किती गंभीर असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९४३ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे तेलवाहू जहाज बंदरात, शांत पाण्यात उभे असताना एकाएकी दुभंगले. ते रिव्हेटांऐवजी वेल्डिंगने जोडलेले होते, अर्थात त्या काळच्या अन्य रीतींनी. मिगचा शोध तेव्हा लागावयाचा होता. त्या जहाजाच्या व त्यासारख्या इतर जहाजांच्या चौकशीतून थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, रचनेतील कोपरे आणि वेल्डिंगमधील दोष ही कारणे पुढे आली. रिव्हेटांनी जोडलेल्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी पुष्कळदा थांबतो; पण वेल्डिंगने सारे जहाज एकजीव झालेले असते, त्यामुळे तडाही न अडता पुढे जातो.

सुरक्षितता आणि मर्यादा

आर्कच्या प्रकाशात तीव्र अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिले तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते; म्हणून १० किंवा ११ क्रमांकाच्या काळ्या काचेचा मुखवटा अवश्य लावावा, आणि पाहणाऱ्यांनीही काचेशिवाय पाहू नये. अंगात पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, पायांत कातडी बूट आणि हातांत कातडी मोजे असावेत; नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडताना जो पांढरा धूर निघतो, त्याने थंडीताप भरतो. मुलामा अगोदर घासून काढावा. कार्बन डाय-ऑक्साइड आणि आर्गॉन हे दोन्ही वायू हवेहून जड असल्याने खड्ड्यात, टाकीत वा कोंदट जागेत साचून श्वास कोंडतात, आणि त्यांना वास नसल्यामुळे ते कळतही नाही. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या लोखंडावर कधीही वेल्डिंग करू नये. त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू उत्पन्न होतो. टाकी साखळीने बांधून उभी ठेवावी.

मिग म्हणजे सर्व कामांचे औषध नव्हे. उघड्यावर, गच्चीवर किंवा पुलावर वारा वायूचे छत्र उडवून लावतो; तेथे जुना लेपाचा रॉडच उपयोगी पडतो. उलट, काही धातूंना छत्र अधिकच कडेकोट लागते. आपल्या शहरात १९६३ साली संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा आणि १९७३ साली कंचनबाग येथे मिश्र धातु निगम या संस्था स्थापन झाल्या. निगमात बनणाऱ्या धातूंपैकी टायटॅनियम तापला की ऑक्सिजन आणि नायट्रोजन इतक्या हावरेपणाने शोषून घेतो की, सांध्याच्या पुढे आणि मागे, तो पुरता निवेपर्यंत, आर्गॉन धरावा लागतो. सोनाराच्या टाकणखारापासून विमानाच्या धातूपर्यंत तत्त्व एकच आहे.

ज्यांना ही विद्या रीतसर शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी मल्लेपल्लीसारख्या ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण झालेल्यास त्यास प्रवेश मिळू शकतो. विद्युत्, रसायन आणि धातुशास्त्र हे वर्गात शिकलेले विषय तेथे हातात उतरतात. हे काम हलके आहे असे मानणाऱ्या पालकांनी एवढेच पाहावे की, आपण ज्या बसमध्ये बसतो, ज्या जिन्यावरून चढतो, ज्या झोपाळ्यावर मुले झोके घेतात, त्या साऱ्यांचा भार कोणातरी वेल्डरच्या सांध्यावर असतो.

तो सांधा वापरणाऱ्यास आतून कधीच दिसत नाही. पाहणारा वरची शिवण पाहतो आणि समाधान मानतो. आत लोखंड लोखंडात मिळाले की केवळ वर चिकटले, हे काम करतेवेळी एकट्या करणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्ही कधी हाती घेतलेत, तर शिवण सुंदर झाली का, हा प्रश्न मागाहून विचारा. खालचे लोखंड वितळले का, हा प्रश्न आधी विचारा. आणि त्याचे उत्तर ठामपणे ‘होय’ असे देता येत नसेल, तर ती शिवण ग्राइंडरने काढून पुन्हा घाला.